खरखर शोधणारे घाडीकाका

माझी गाडी मी पहिल्यांदा घाडीकाकांच्या दुकानासमोर उभी केली, तेव्हा त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठे जाताना बिघडतं?"

मी म्हटलं, कुठेही.

"कुठेही असं काही नसतं. नीट आठवा. मी चहा सांगून येतो."

गाडी दुसऱ्याच्या हातून घेतलेली होती. बाबांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यावं लागे, म्हणून दादरच्या आमच्या घरात ती आली. इंजीन ठणठणीत, पण पडद्यावरचा नकाशा वेडा होता. मी परळच्या पुलाखाली सिग्नलला उभी असले, तरी तो मला वरळीच्या पुढे समुद्रात दाखवायचा, आणि तिथून मागे फिरा म्हणून सांगायचा. शिवाय रेडिओमागे सतत एक बारीक खरखर. मोठ्या शोरूममध्ये दाखवलं, तर त्यांनी अख्खा पडदा बदलायला सांगितला आणि दोष परळच्या टॉवरांवर टाकला. उंच इमारतींत असं होतंच, म्हणाले. तेव्हा आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या मदतनीस बाई म्हणाल्या, डिलाईल रोडला घाडी आहेत, त्यांना दाखवा.

काका चहा घेऊन आले तोवर मला आठवलं होतं. शिवाजी पार्कला नकाशा बरोबर चालायचा. बिघडायचा तो परळच्या बाजूला. मी हे सांगितल्यावर टॉवरांची गोष्टही सांगितली. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "टॉवर सगळ्यांनाच आहेत. बाकीच्यांच्या गाड्या कुठे समुद्रात जातात?"

मग ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, चला. दोन तास आम्ही नुसते फिरलो. त्यांनी एकही स्क्रू उघडला नाही. मी एसी कधी लावते, मोबाइल कुठे ठेवते, चार्जर कधी लावते, सगळं बघत राहिले. तिसऱ्या दिवशी बिघाड सापडला. आधीच्या मालकाने आरशामागे एक छोटा कॅमेरा बसवून घेतला होता. त्याला वीज देणारा डबीएवढा चार्जर अगदी हलक्या प्रतीचा होता, आणि नकाशाची अँटेना नेमकी त्याच्याखाली. उघड्या मैदानावर उपग्रहांचा संदेश स्वच्छ येई, तेव्हा त्याचा उपद्रव जाणवत नसे. इमारतींमध्ये संदेश आधीच क्षीण, त्यात या डबीचा गोंगाट, नकाशा बुडायचा. रेडिओतली खरखरही तिचीच. डबी बदलली आणि दोन्ही आजार एकदम गेले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. हे सगळं मला सुचायला हवं होतं. मी तसं बोलून दाखवलं. काकांना माझ्या शिकवण्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते म्हणाले, "टीचर, शोरूमवाल्यांनी पडदा बदलला असता ना, तर जाता जाता ती डबीपण काढली असती. गाडी बरी झाली असती. पण कशाने, ते त्यांना कधीच कळलं नसतं." त्या दिवसापासून मी त्यांची टीचर झाले. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

मोहन घाडी हे त्यांचं नाव. वडील गिरणीत, मूळ गाव मालवणच्या बाजूला. ते स्वतः तरुणपणी गिरणीच्या वायरमनच्या हाताखाली लागले आणि तीनेक वर्षांत गिरणी बंद पडली. मग टॅक्सीवाल्यांचे टेप दुरुस्त करू लागले. टेप गेले, सीडी आल्या, त्याही गेल्या, पडदे आले. काका प्रत्येक वेळी नव्याने शिकले. चाळीच्या तोंडाशी त्यांचा दोन माणसं उभी राहतील एवढा गाळा होता. आत फळीवर मीटर, सोल्डरिंगची बंदूक आणि भिंतीवर जुनी कॅलेंडरं. ही कॅलेंडरं देवांच्या चित्रांसाठी ठेवलेली नव्हती. पाठच्या कोऱ्या बाजूवर ते गिऱ्हाइकाची तक्रार लिहीत, आणि ती गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. 'वळताना बाई बोलायची थांबते.' 'पावसात गाणं लांबून येतं.' 'सासरे बसले की ब्लूटूथ जातं.' मी हसले तर म्हणायचे, गिऱ्हाईक कधी खोटं बोलत नाही, त्याला फक्त नाव देता येत नाही.

काढलेला प्रत्येक स्क्रू ते कागदी चिकटपट्टीवर क्रमाने लावत आणि शेजारी बारीक अक्षरात जागा लिहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग गाडी फिरवून आणायची, मग दुसरी. ही त्यांची रीत फार वेळखाऊ होती आणि तिच्यापायी कितीतरी माणसं त्यांच्यावर चिडून गेली. एका नवरदेवाची गाडी त्यांच्याकडे होती. स्पीकर मध्येच मुके व्हायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी स्पीकर आपोआप सुरू झाले आणि सुरूच राहिले. मुलगा गाडी न्यायला आला तर काका देईनात. म्हणाले, मी काही केलेलं नाही, म्हणजे हे पुन्हा बंद पडणार. मुलाने समजावलं, त्याच्या मामाने आवाज चढवला. शेवटी काकांनी किल्ली दिली, पण आपल्या हाताने कॅलेंडरामागे लिहिलं, 'बरी न होता गेली.' वरात निघाली आणि दहा मिनिटांत स्पीकर मुके झाले. आठवड्याने नवरा-बायको दोघं गाडी घेऊन आले. नवी नवरी हसत होती, काकांचा चेहरा मात्र गंभीर. त्यांनी तक्रार पुन्हा पहिल्यापासून लिहून घेतली.

तरी ते हेकट होते असं मी म्हणणार नाही. वरळी कोळीवाड्यातल्या हिराबाईंचा मासळीचा टेम्पो एकदा आला होता. त्याचाही नकाशा चुकायचा. काकांना कारण पाच मिनिटांत कळलं. डॅशबोर्डवर एकवीरेची तसबीर होती, जाड पितळी चौकटीतली, आणि ती नेमकी अँटेनाच्या डोक्यावर चिकटवलेली. पितळातून संदेश खाली उतरणार कसा? काकांनी हळूच विचारलं, आईला जरा बाजूला बसवूया का? हिराबाई दरवाजाला टेकून उभ्या होत्या. "आय हालनार नाय," एवढंच म्हणाल्या. नवऱ्याच्या हातची तसबीर होती ती, आणि नवरा आता नव्हता. सगळा दिवस घालवून काकांनी अँटेनाची वायर काचेशेजारच्या खांबाच्या आतून वर नेली आणि टपावर काढली. टेम्पो रस्त्याला लागला तेव्हा आई जिथल्या तिथे होती.

पण घाडीकाका म्हटलं की मला आठवते ती रुग्णवाहिका.

घोडपदेवच्या एका मंडळाने वर्गणी काढून ती घेतली होती. चालक सुनील, तिशीचा, शांत मुलगा. एकदा रात्रपाळीहून परतलेल्या एका कामगाराच्या छातीत दुखू लागलं. त्याला घेऊन सुनील उपनगरातल्या एका रुग्णालयाकडे निघाला. तो भाग त्याच्या ओळखीचा नव्हता, आणि नेमका वाटेत नकाशाचा पडदा काळा झाला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा काळा. वळण चुकलं, उलट्या दिशेच्या रस्त्याला लागले, वीस मिनिटं वाया गेली. माणूस वाचला. पण सुनीलची झोप उडाली. मंडळाने पडदा बदलून घेतला, नवा बसवला, तर तोही तसाच. दुसऱ्या दुकानातून तिसरा आणला. तोही बंद पडू लागला. आणि दुकानवाले तपासायला जात तेव्हा काहीच होत नसे. मंडळाचे अध्यक्ष धिप्पाड गृहस्थ, बोलायला फटकळ. ते चारचौघांत म्हणू लागले की पोरगा वाट चुकतो आणि खापर यंत्रावर फोडतो. नवा चालक बघायचं ठरलं.

सुनील गाडी घेऊन काकांकडे आला तो असा. मी त्या दिवशी तिथेच होते, माझ्या गाडीचा मागचा स्पीकर दुरुस्तीला द्यायला आले होते. सुनील म्हणाला, "काका, पेशंट असला की बंद पडतं. रिकामी असली की नाही." सोबत आलेले अध्यक्ष हसले. म्हणाले, मशीनला काय कळतं मागे कोण झोपलंय ते?

काकांनी कॅलेंडर उलटं केलं आणि लिहिलं, 'पेशंट असला की बंद पडतं.'

चार दिवस ते रिकामी रुग्णवाहिका फिरवत होते. घोडपदेव ते परळ, परळ ते लालबाग, पुलावरून, खड्ड्यांतून, सायरन लावून, सायरन बंद करून. पडदा एकदाही मिटला नाही. मंडळाकडून फोन येऊ लागले. काकांच्या ओळखीचे दोन कारागीरही म्हणाले, गाडी परत दे, काही नाहीये तिच्यात. पाचव्या दिवशी माझा स्पीकर घ्यायला गेले तेव्हा काका फुटपाथवर बसून तो कागद वाचत होते. मला म्हणाले, "टीचर, मी चार दिवस काय तपासलं? पेशंट नसताना बंद पडत नाही, एवढंच तपासलं. ते तर सुनीलने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

ते उठले, रुग्णवाहिकेत शिरले आणि स्ट्रेचरवर आडवे झाले. सुनीलने गाडी चालवली, मी शेजारच्या बाकावर बसले. करी रोडपर्यंत गेलो, आलो. पडदा चालूच. काका अंगाने काडी, पन्नास किलो जेमतेम. उतरल्यावर त्यांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि अध्यक्षांना फोन लावला. म्हणाले, पाच मिनिटं या, तुमची गरज आहे.

अध्यक्ष आले. काकांनी त्यांना स्ट्रेचरवर झोपायला सांगितलं. त्यांना ते अपमानास्पद वाटलं असावं, पण काकांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. ते झोपले. काका त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. गाडी निघाली. पहिल्या गतिरोधकाला काही झालं नाही. दुसऱ्यावर मागचं चाक चढून आदळलं, स्ट्रेचर खाली दबला, आणि पुढून सुनीलचा आवाज आला, "गेला."

पडदा काळा होता. मग उजळला. पुढच्या खड्ड्याला पुन्हा गेला.

गाडी बाजूला घेतली. स्ट्रेचर ज्या रुळावर सरकतो त्याचे स्क्रू काकांनी एकेक करून काढले. चौथा स्क्रू लांबीला जास्त होता. रूळ बसवताना कुणीतरी मिळेल तो घातला असणार. तो पत्र्यातून खाली उतरून, पडद्याच्या यंत्रातून मागच्या स्पीकरकडे जाणाऱ्या वायरीला घासत होता. वायरीचं आवरण फाटलेलं. रिकाम्या गाडीत वायर आणि स्क्रूचं टोक यांच्यामध्ये केसाएवढी फट राहायची. वर वजनदार माणूस झोपला आणि गाडी आदळली की तळ दबायचा आणि स्क्रू वायरीला टेकायचा. मग पडद्याचं यंत्र स्वतःला वाचवायला बंद व्हायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. तीन पडदे बदलले, पण वायर पहिल्यापासून तीच होती.

काकांनी तो स्क्रू अध्यक्षांच्या तळहातावर ठेवला. अध्यक्षांनी तो बोटांत धरून उलटसुलट पाहिला. कपाळावर घाम, शर्ट चुरगळलेला. मग ते पुढे गेले, सुनीलच्या खिडकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "सुनील, चुकलं माझं. चारचौघांत बोललो होतो, चारचौघांतच सांगेन."

सुनीलने मान खाली घातली. काका तोवर वायर जोडायला लागले होते.

यानंतर वर्षभरात माझ्या लक्षात येऊ लागलं की काका प्रश्न दोनदा विचारतात. स्पीकर तपासताना कान जवळ नेण्याऐवजी ते बोटांची टोकं त्याच्या कागदी पडद्यावर ठेवत. मला वाटलं, ही त्यांची आणखी एक रीत. मग एक दिवस एक बाई गाडी परत घेऊन आल्या. म्हणाल्या, शिट्टी अजून येते. काकांनी गाडी चालू केली, ऐकलं, म्हणाले, नाही येत. बाई म्हणाल्या, येते ना. मीही तिथे होते. शिट्टी चांगली स्पष्ट ऐकू येत होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना समजलं. त्यांनी गाडी बंद केली. बाईंची माफी मागितली आणि ओळखीच्या दुसऱ्या कारागिराकडे त्यांना स्वतः घेऊन गेले.

तीन दिवस दुकान बंद होतं. चाळीत लोक म्हणू लागले की घाडी आता गावाला जाणार. चौथ्या दिवशी दुकान उघडलं. फळीच्या वर, कॅलेंडरांच्या रांगेत, त्यांच्या स्वतःच्या कानांचा तपासणीचा आलेख टाचणीने लावला होता. डाव्या बाजूला बरी असलेली रेघ उजवीकडे एकदम खाली कोसळत होती. मला त्यांनी तो एखाद्या गाडीचा असावा तसा समजावला. खालचे सूर येतात, वरचे गेले. डॉक्टरांना विचारलं, भोंगा खराब की वायर? ते म्हणाले, वायर, आणि ती बदलता येत नाही. कानामागचं यंत्र मिळालं होतं, त्याने माणसांचं बोलणं कळायचं; पण त्याची स्वतःचीच एक खरखर होती, आणि ती तर त्यांना अजिबात खपत नव्हती.

पुढे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधीच सांगत, "मला वरचे आवाज येत नाहीत. चालणार असेल तर गाडी लावा." काही निघून जात. काका त्यांना दोष देत नसत.

जुन्या बाजारातून त्यांनी लहरी दाखवणारं एक यंत्र आणलं, हिरव्या पडद्याचं, आमच्या प्रयोगशाळेत आहे तसं. ते वाचायचं कसं हे शिकवायला मी रविवारी सकाळी जाऊ लागले. साठी ओलांडलेला तो माणूस वहीत लहरी काढायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा. पहिल्यांदा त्यांना चार्जरची खरखर पडद्यावर काट्यांसारखी उभी दिसली, तेव्हा ते मला म्हणाले, "ही ती. हिला मी चाळीस वर्षं ओळखतो. तोंड आज बघितलं."

तारांतून येणारा आवाज आता दिसत होता. पण दरवाजाच्या आत सैल झालेली पट्टी, स्पीकरच्या कडेला सुटलेला कागद, हे कुठल्याच पडद्यावर येत नाही. त्याला कानच लागतात. तेव्हा काकी म्हणाल्या, मी बसतंय ऐकूक.

काकी म्हणजे त्यांच्या पत्नी, शालिनीकाकी. बालवाडीत मदतनीस होत्या, तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. उभ्या आयुष्यात त्यांनी घरात रेडिओ मोठ्याने लावू दिला नव्हता. दिवसभर पोरांचा गलका ऐकल्यावर त्यांना शांतता हवी असे. काकांना वाटलं, चार दिवस बसतील आणि कंटाळतील. पण बालवाडीत तीस पोरांच्या रडण्यातून कुणाचा पाय दुखतोय आणि कोण उगाच भोकाड पसरतंय हे ज्या बाईला कळत होतं, तिच्या कानातून काय सुटणार? अडचण होती ती शब्दांची. काका विचारत, आवाज वरचा की खालचा? काकी सांगत, तव्यावर पाण्याचा हात मारल्यासारखा. पहिल्या महिन्यात दोघं यावरून रोज भांडले. मग काकांनी हट्ट सोडला आणि कॅलेंडरामागे काकींचे शब्द लिहायला घेतले. पाण्याचा तवा म्हणजे सुटलेली अर्थिंग. सुपात तांदूळ म्हणजे फाटलेला स्पीकर. झोपलेल्या माणसाचा दात म्हणजे दरवाजाची पट्टी.

मागच्या वर्षी त्यांची चाळ रिकामी झाली. नवी इमारत व्हायची आहे. गाळा गेला, घाडी दांपत्य तात्पुरतं मुलीकडे राहायला गेलं. मला वाटलं होतं, आता हे थांबेल. बाबांना फिरायला नेण्याच्या गडबडीत मी फोनही केला नाही, आणि केला असता तरी काकांना फोनवरचं फारसं कळत नसे.

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन शिवाजी पार्कला गेले होते. सकाळचे आठ वाजले असतील. मैदानात नेटमध्ये मुलं खेळत होती. मागच्या गल्लीत झाडाखाली एक पांढरी गाडी उभी होती, चारही दरवाजे उघडे. मालक फुटपाथवर हाताची घडी घालून उभा. चालकाच्या जागेवर काकी बसल्या होत्या, पाठ ताठ, डोळे मिटलेले, एक बोट उभं धरलेलं. मागच्या दरवाजाशी काका गुडघ्यांवर बसले होते. एक हात दरवाजाच्या पोटात खांद्यापर्यंत गेलेला. त्यांची नजर दरवाजाकडे नव्हती. पुढच्या आरशात काकींचं कपाळ दिसत होतं, त्या कपाळावर त्यांची नजर खिळली होती.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. काकांना ती ऐकू गेली नसती आणि काकींचं चुकलं असतं. बाबाही माझा दंड धरून उभे राहिले.

काकांनी आत काहीतरी किंचित आवळलं. काकींच्या कपाळावरची आठी अर्धी विरली, तिथेच राहिली. मग त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. अजून आहे.

काकांनी मान डोलावली, हात बाहेर काढून बाही आणखी वर सारली, आणि पुन्हा आत घातला.